पुढच्या दोन दातांमधली फट बुजवून १४ महिने झाले, त्याचा हिशेब

मागच्या रविवारी जाऊबाईंच्या डिंकाच्या लाडवात खारकेचा तुकडा लागला आणि पुढच्या दाताचा कोपरा टक्क करून हातात आला. म्हणजे दाताचा नव्हे, बाँडिंगचा, फट बुजवायला दातावर चढवलेल्या दाताच्या रंगाच्या लेपाचा. दुखलं काहीच नाही. दोन दातांचे १०,००० मोजले होते, त्यातली तांदळाच्या कणीएवढी रक्कम तळहातावर घेऊन बसले.

व्हिनिअर (दातावर चिकटवायचं पातळ कवच) की कंपोझिट (बाँडिंगचा हा लेप) हा काथ्याकूट सगळ्यांनी केलेला असतो, तो परत नको. व्हिनिअरसाठी चांगला दात खरवडायचा, हे मला पटेना. कंपोझिटने दीड तासात, इंजेक्शनशिवाय फट गेली. 'स' म्हणताना वाजणारी बारीक शीळही गेली. हसताना तोंडावर जाणारा हात मात्र अजून अधूनमधून जातो. ३० वर्षांची सवय.

आता रंगाचं. भाचीच्या लग्नाआधी ट्रेमध्ये जेल घालून दात पांढरे करून घेतले, म्हणजे ब्लीचिंग. दात उजळले, पण कंपोझिटवर त्या जेलचा परिणाम होत नाही. त्यामुळे मधोमध सायीच्या रंगाची पट्टी! बेसिनवरच्या ट्यूबलाइटमध्ये दिसते, उन्हात दिसते, लिफ्टच्या आरशात तर दिसतेच. नवऱ्याला दिसत नाही, पण त्याला भिंतीची ओलही दिसत नाही.

चिडून तेव्हाच रिव्ह्यूत दवाखान्याला एक तारा देणार होते. बिल शोधताना पहिल्या दिवसाचा कागद सापडला: 'ब्लीचिंग आधी, बाँडिंग दोन आठवड्यांनी'. त्यापुढे 'नको' आणि माझी सही. ६,००० वाचवले होते ना! शेडच्या १६ नमुन्यांतून मला खिडकीशी उभं करून निवडलेला ए-२ हा रंग तेव्हाच्या दातांना चपखल होता. तारे वाढवले.

त्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "दिवसातून किती वेळा आरशात बघता?" रागच आला होता. दातासाठी आलेय, डोक्यासाठी नाही. म्हणाले, काहींना एक खोट काढली की दुसरी दिसायला लागते, म्हणून आधीच विचारतो. परवा सहज मोजलं. दुपारपर्यंत नऊ वेळा, आणि नऊही वेळा पट्टीसाठी. फट होती तेव्हा मी आरशासमोर तोंडच उघडत नव्हते.

काल कोपरा नीट करून घेतला. वीस मिनिटं, १,५००. जाताजाता विचारलं, पट्टीही बदलून देता का? म्हणाले, ब्लीचिंगचा उजळपणा हळूहळू उतरतो, सहा महिने थांबा, कदाचित जुळेल. फुकटात जुळणार असेल तर थांबते. लाडू अजून सात उरलेत, ते दाढेनेच खातेय.