वाशी स्टेशनवर रात्री आठला घेतलेली २४-१०५ : सौद्यात काय लपवलं होतं

कॅननची ईएफ २४-१०५ एफ ४ एल, म्हणजे २४ ते १०५ एमएमपर्यंत झूम होणारी लेन्स, पहिली आवृत्ती. जाहिरातीत ‘मिंट कंडिशन, नो फंगस, चार वर्षं जुनी’. मागितले पंचवीस हजार, ठरले साडेबावीस. भेट वाशी स्टेशनच्या तिकीट खिडक्यांपाशी, रात्री आठला, कारण विकणारा ‘ऑफिस सुटल्यावरच मोकळा’. घेणारा ठाण्याचा, साखरपुडे-बारशांचे फोटो काढणारा. कॅननची ६डी बॉडी आणि एका ५० एमएमवर त्याचं काम चाललं होतं. हॉलमध्ये मागे सरायला जागा नसते, म्हणून त्याला झूम हवी होती. त्याने स्वतःची बॉडी सोबत नेली, फोनच्या टॉर्चने काचही पाहिली. एवढं करूनही तो फसला. ज्या दोषावर ही फसवणूक बेतली होती तो या लेन्सचा चांगलाच माहीत असलेला दोष आहे, आणि तो रात्री दिसत नाही.

स्टेशनवर विकणाऱ्याने कॅमेरा हातात घेतला, लेन्स चढवली आणि मोडची चकती हिरव्या ए-प्लसवर फिरवून परत दिली. ‘ऑटोवर ठेव रे, लेन्स बघायचीय ना, सेटिंग कशाला?’ पंधरा फोटो काढले गेले. २४ ला, १०५ ला, एक जवळून. पाठीमागच्या स्क्रीनवर सगळे झकास दिसले. फोकस झटक्यात लागत होता, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझरची घरघर ऐकू येत होती. पैसे यूपीआयने गेले आणि घेणारा ठाणे लोकलमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या तलावपाळीवर त्याने एव्ही मोडमध्ये (इथे एफचा आकडा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते, आपण ठरवतो; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ ११ लावून २४ ला शटर दाबलं. कॅमेरा थबकला आणि स्क्रीनवर ‘एरर ०१’ आलं. बंद करून चालू केला, एफ ४ ला फोटो निघाला. एफ ८ ला पुन्हा तोच एरर. ७० च्या पुढे झूम केल्यावर एफ ८ ला कधी निघे, कधी नाही. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयार होतं : ‘काँटॅक्ट पुस, कॅमेराच सांगतोय ना तसं.’ कॅमेरा खरंच तसं सांगतो. एरर ०१ च्या संदेशात लेन्सशी संपर्क नीट होत नाही, लेन्सचे काँटॅक्ट स्वच्छ करा, असंच लिहिलेलं असतं. नवशिक्या माणूस मग दोन दिवस खोडरबर आणि कापड घेऊन पितळी टोकं घासत बसतो. तोवर इकडे विकणाऱ्याने त्याचा नंबर ब्लॉक केलेला असतो.

आत काय होतं ते समजून घ्या. ईएफ लेन्समध्ये डायफ्रॅमच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणाऱ्या, पात्या एक छोटी मोटर हलवते. तिला सूचना आणि वीज पोचते ती एका पातळ, चपट्या फ्लेक्स केबलमधून. या लेन्समध्ये डायफ्रॅमचा भाग झूमबरोबर पुढे-मागे सरकतो, म्हणून झूमच्या प्रत्येक फेऱ्यात ती केबल वाकते आणि सरळ होते. वर्षानुवर्षं वाकून तिच्या आतल्या तांब्याच्या रेघांना चीर पडते. चीर नवी असताना काही झूम-स्थितींत संपर्क जुळतो, काहींत तुटतो. म्हणून तो ‘कधी चालते, कधी नाही’ प्रकार. पुढे केबल पूर्ण तुटते. तुटलेली केबल काँटॅक्ट पुसून जुळत नाही.

आता एफ ४ लाच फोटो का निघतात? ईएफ लेन्सच्या पात्या एरवी पूर्ण उघड्याच असतात. शटर पडतानाच त्या ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटतात आणि लगेच उघडतात. एफ ४ हा या लेन्सचा सर्वांत उघडा आकडा, म्हणजे तिथे पात्यांना हलायचंच नसतं. केबल तुटली काय, असली काय, कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात ऑटो मोड स्वतःहून एफ ४ निवडतो, आणि ६डी ला तर अंगचा फ्लॅशही नाही. वेळ, जागा आणि मोड, तिन्ही गोष्टी विकणाऱ्याने ठरवल्या होत्या आणि तिन्हींचा परिणाम एकच : पात्या एकदाही मिटणार नाहीत. स्टेशनवरच्या त्या पंधरा फोटोंची माहिती नंतर उघडून पाहिली, तेव्हा पंधराच्या पंधरा एफ ४ ला होते. हे त्याच ठिकाणी, कॅमेऱ्याचं इन्फो बटण दाबून, पैसे देण्याआधी दिसलं असतं.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला उजेडही लागत नाही. मोड एव्ही, आकडा एफ १६. लेन्सचं तोंड स्वतःकडे फिरवा आणि माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसते त्या गोल रिंगच्या) कडेला असलेलं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं छोटं बटण दाबा. पात्या मिटून मधे बारीक भोक दिसलं पाहिजे, बटण सोडल्यावर झटक्यात उघडलं पाहिजे. हेच २४, ३५, ५०, ७० आणि १०५ ला, प्रत्येक ठिकाणी तीन-चार वेळा करा. मग त्याच पाच ठिकाणी एफ ११ ला खरे फोटो काढा, काळोखे आले तरी चालतील. एकदाही एरर ०१ आला तर सौदा तिथेच संपला. ‘बॅटरी कमी असेल’, ‘तुझी बॉडी जुनी आहे’ यातलं काही ऐकून घेऊ नका. बॉडीवर शंका असेल तर तुमची दुसरी चांगली लेन्स सोबत ठेवा, ती एफ ११ ला चालली की वाद मिटला.

‘दुरुस्त करून घे, दोन-तीन हजारांत होईल’ असं विकणारा सांगतो तेही खरं धरू नका. केबल बदलायची तर लेन्स जवळपास सगळी खोलावी लागते आणि डायफ्रॅमचा भाग केबलसकट बदलतात. परत जोडताना काचांचे गट पुन्हा मधोमध बसले नाहीत तर फोटोची एक बाजू कायमची मऊ, म्हणजे अस्पष्ट, येते. म्हणून ‘केबल नुकतीच बदललीय’ असं कुणी सांगितलं की आणखी सावध व्हा. मागच्या धातूच्या रिंगचे स्क्रू जवळून पाहा. स्क्रूच्या फुलीच्या कडा चेपलेल्या, चकाकत असतील तर घरगुती स्क्रूड्रायव्हर फिरला आहे.

काचा मधोमध बसल्याची परीक्षा दिवसाउजेडीच करा. नवी मुंबईत यासाठी सिडकोच्या इमारतींइतकं चांगलं लक्ष्य नाही. एकसारख्या खिडक्या, एकसारखी ग्रिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. इमारतीसमोर अगदी समांतर उभे राहा, २४ ला एफ ४ आणि एफ ८, तसंच १०५ ला दोन्ही, शटर वेगवान ठेवून. घरी जाऊन नव्हे, तिथेच स्क्रीनवर पूर्ण झूम करून चारही कोपऱ्यांतल्या ग्रिलच्या सळ्या पाहा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर ते या लेन्सचं वळण, २४ ला ती तशीच आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसल्यासारखी असेल, आणि कॅमेरा उलटा धरून काढल्यावर तो मऊपणा इमारतीच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर काच हललेली आहे. एफ ८ लाही तो गेला नाही तर ती लेन्स कुठल्याही भावात घेऊ नका.

बुरशीचं थोडक्यात, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण टॉर्च पुढून मारून ती दिसत नाही. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून पाहा, झूम पूर्ण फिरवत. सुटे ठिपके म्हणजे धूळ, ती फोटोत येत नाही, तिच्यावरून भाव पाडायचा तर पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे म्हणजे बुरशी. पूर्ण काचेवर दुधी पडदा दिसला तर तो धुरकटपणा, आणि तो समोरच्या उजेडात फोटो पांढुरके करतो. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्समध्ये लेन्स बॉडीवरून काढली की पात्या मिटलेल्या असतात, तिथे माउंटजवळची बारीक दांडी बोटाने सरकवून त्या उघड्या धराव्या लागतात, नाहीतर अर्धी काच दिसतच नाही. पुढचा यूव्ही फिल्टर काढायला सांगा. ‘फ्री देतोय, राहू दे’ म्हणाला तर नक्की काढायला सांगा. अडकलेल्या फिल्टरखाली चेपलेली कड किंवा ओरखडा असू शकतो.

आता ‘चार वर्षं जुनी’ या वाक्याकडे. कॅननच्या त्या काळातल्या एल लेन्सच्या पाठीमागे, माउंटच्या आतल्या काळ्या भागावर बारीक अक्षरांत एक कोड असतो. पहिलं अक्षर कारखान्याचं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं वर्षाचं : टी २००५, यू २००६, व्ही २००७, डब्ल्यू २००८, असं पुढे. त्यानंतरचे आकडे महिना सांगतात. या लेन्सवर ‘यूडब्ल्यू०७’ पासून सुरू होणारा कोड होता, म्हणजे जुलै २००८. ही आवृत्ती बाजारात आली २००५ मध्ये आणि २०१६ मध्ये तिची जागा दुसऱ्या आवृत्तीने घेतली, तेव्हा ‘चार वर्षं’ हे ऐकूनच थांबायला हवं होतं. बिल दाखवतात तेव्हा त्यावर सिरियल नंबर आहे का आणि तो लेन्सच्या अंगावरच्या नंबराशी जुळतो का, एवढंच पाहा. नंबर नसलेलं बिल म्हणजे कागद.

आवृत्तीची अदलाबदल, म्हणजे जुनी आवृत्ती नवी म्हणून विकणं, हा वेगळा धंदा आहे, आणि तो वजनकाट्यावर आणि फिल्टरच्या मापावर पकडता येतो. कॅनन ईएफ २४-७० एफ २.८ एल पहिली ९५० ग्रॅम आणि ७७ एमएम फिल्टर, दुसरी ८०५ ग्रॅम आणि ८२ एमएम. सोनीची २४-७० जीएम पहिली ८८६ ग्रॅम, दुसरी ६९५ ग्रॅम, आणि दुसरीला अपर्चरची (एफचा आकडा बदलण्याची) रिंग आहे. निकॉनची २४-७० जी प्रकार ७७ एमएम, व्हीआर, म्हणजे स्टॅबिलायझर, असलेली ई प्रकार ८२. टॅमरॉनच्या २८-७५ चं मात्र जपून : दोन्ही आवृत्त्या ६७ एमएम, वजनात दहा ग्रॅमचाच फरक. तिथे बाजूला यूएसबी-सीचं भोक आहे का ते पाहा. ते दुसऱ्या आवृत्तीलाच आहे.

मग या घेणाऱ्याने काय घ्यायला हवं होतं? हॉलमधलं काम, ६डी, बजेट पंचवीसच्या आत. २४-१०५ ची निवड चूक नव्हती. साखरपुड्यात एकाच जागी उभं राहून स्टेजही हवा आणि अंगठीही, तिथे १०५ उपयोगी पडतं. ज्याला एफ २.८ लागतं, म्हणजे फ्लॅश बंद ठेवायला सांगणाऱ्या देवळातल्या लग्नांना, त्याने २४-७० साठी आणखी पैसे साठवावेत, स्वस्तात मिळतेय म्हणून घाई करू नये. फक्त २००८ ची प्रत तिच्या वयाला शोभेल अशा भावाने घ्यावी आणि केबल पुढेमागे जाईल हे धरूनच घ्यावी. भेट दुपारी ठरवा. विकणारा रात्रीवरच अडून बसला तर निदान सौद्याआधी त्याच्याकडून एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल) मागा : आजच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान, २४ ला, एफ ११. केबल पूर्ण तुटलेल्या लेन्समधून ती फाइल निघूच शकत नाही. सौदा चार-दोन हजारांनी महाग पडला तरी मुंबईतल्या बोरा बाजारातल्या दुकानातून, सिरियल नंबर घातलेलं बिल आणि काही दिवसांची तपासणीची मुदत लिहून घेतलेली लेन्स अशा ओळख नसलेल्या माणसाच्या लेन्सपेक्षा बरी.

फसलात तर लगेच करायच्या गोष्टी. चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, जाहिरात काढून टाकली जाण्याआधी. स्टेशनवरचे फोटो डिलीट करू नका, त्यांची तारीख, वेळ आणि एफ ४ हा आकडा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ सांगा, फसवणुकीचं कलम तेच. वाशी नवी मुंबई आयुक्तालयात आणि तलावपाळी ठाणे आयुक्तालयात, म्हणून ‘हे आमच्या हद्दीत नाही’ ऐकायला मिळेल. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घेणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. तक्रार होईपर्यंत लेन्स कुणाला उघडू देऊ नका. सर्व्हिस सेंटरमधून दोष आणि खर्चाचा अंदाज सिरियल नंबरसकट लेखी घ्या, आणि अंदाज देताना ‘केबल तुटलेली’ एवढंच नको, ‘जुनी झीज’ असं त्यांना वाटत असेल तर तेही कागदावर येऊ द्या. नाहीतर विकणारा म्हणतो, रात्री चालत होती, दुपारी यानेच पाडली.