तारकर्ली-देवबागच्या होमस्टेतलं ‘बर्थडे पॅकेज’: फुग्यांचे पैसे वाचवा, खापरोळ्या सांगा

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर राहत्या घराला लागून दोन-चार खोल्या काढलेली होमस्टे. जेवायला बहुधा पडवीत एकच लांब टेबल. नदी समुद्राला मिळते तो संगम आणि त्सुनामी आयलंड नावाचं वाळूचं बेट दाखवणारी बोट अख्खी ठरवली की माणशी खर्च कमी पडतो, म्हणून सकाळी दोन-तीन अनोळखी कुटुंबं एका बोटीत बसतात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांच्या ताटात सोलकढी वाढायला लागतात. अशात कुणाचा तरी वाढदिवस निघतोच. खोली घेताना आधार कार्ड दिलेलं असतं, त्यावरची तारीख मालकांच्या नजरेतून सुटत नाही आणि ‘करूचा काय कायतरी?’ अशी विचारणा होते. (आधारवर १ जून असेल तर कोणी फारसं मनावर घेत नाही. ती तारीख शाळेत मास्तरांनी लावलेली असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, शिवाय तोवर बोटीही पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या असतात.)

पॅकेज म्हणून जे पुढे केलं जातं त्यात फुगे, ‘हॅपी बर्थडे’ची चकचकीत माळ, एलईडी दिवे, किनाऱ्यावर मांडलेलं टेबल आणि अर्धा किलोचा केक, एवढा ऐवज असतो. यातल्या सजावटीला आमच्याकडून पाचपैकी दीड गुण. संध्याकाळी समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटलेला असतो. मेणबत्ती पेटतच नाही, फुगे सुरूच्या झाडांत जाऊन फुटतात आणि केकवर वाळूचा थर बसतो. किनाराच हवा असेल तर खाडीकडची बाजू मागा, तिथे घरांचा आणि माडांचा आडोसा मिळतो. नाहीतर जेवणं उरकल्यावर पडवीतच करा, तोवर वाराही पडलेला असतो. आकाशकंदील सोडायची टूम कोणी काढली तर सरळ नाही म्हणा. सुरूच्या बनात खाली वाळक्या काड्यांचा थर असतो, ठिणगी पडायचा अवकाश. रात्री १० नंतर स्पीकर लावायला कायद्यानेच मनाई आहे, आणि भिंतीपलीकडे मालकांची शाळेत जाणारी पोरं झोपलेली असतात, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

केक येतो मालवणच्या बाजारातून. तिथून तारकर्ली सात-आठ किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. दमट हवेत आणि रिक्षाच्या हादऱ्यांत क्रीमचा केक एका बाजूला कलतो. खोका मांडीवर घेतला तर तो तिरका राहतो आणि अंगाची ऊबही लागते. रिक्षात पायाशी सपाट ठेवून आणायचा. त्याहून मोठी गोम पुढे आहे: होमस्टेच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात बांगडे असतात आणि क्रीम वास चटकन ओढून घेतं. म्हणून केक कापायच्या तासभर आधीच आणवा किंवा क्रीमचा नाद सोडून मावा केक सांगा. अर्धा किलोत सहा ते आठ जणांचं भागतं. टेबलावर बारा माणसं असतील तर एक किलो. अंड्याचा की बिनअंड्याचा, हे दुकानात फोन करण्याआधी नव्या मंडळींना विचारा. नवी ओळख असेल तर तोंडाला केक फासण्याचा प्रकारही नको; तो जुन्या मित्रांचा हक्क.

आता ज्यावर पैसे खर्च करावेत ती गोष्ट: स्वयंपाकघर. इथल्या काकींना, म्हणजे मालकीणबाईंना, आदल्या दिवशी दुपारपर्यंत खापरोळ्या (गोड रसात मुरवून खायची जाड, जाळीदार घावनं) सांगा. तांदूळ, उडीद डाळ आणि थोडी मेथी पाच-सहा तास भिजवून वाटायची आणि पीठ रात्रभर आंबवायचं, म्हणून आयत्या वेळी हे जमत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पीठ फुगायला आणखी वेळ लागतो. घाईने केलेली खापरोळी ओळखायची सोपी खूण आहे: वर जाळी पडत नाही आणि रसात टाकली तरी मधे कोरडीच राहते. सोबतचा रस म्हणजे नारळाचं दूध, गूळ आणि वेलची. दहा जणांना माणशी दोन धरल्या तर चार मोठे नारळ आणि पाव किलोच्या आसपास गूळ लागतो. रस उकळवला तर फुटतो, सकाळी काढून ठेवला तर उकाड्यात रात्रीपर्यंत आंबतो. तेव्हा नारळ संध्याकाळी खोवायला सांगा; नव्या मंडळीतलं कुणी ना कुणी खोवायला बसतं आणि ओळख वाढायला ते काम बोटीपेक्षा बरं. खापरोळी रसात पाच-दहा मिनिटं मुरू द्यायची, मगच वाढायची. याला साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो फक्त एवढ्यासाठी, की मेनूकार्डावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, तोंडाने मागावं लागतं.

जेवणात कोंबडी-वडे ठरवत असाल तर गावठी की ब्रॉयलर, ते दरासकट आधी बोलून घ्या. गावठी शिजायला तासावर वेळ लागतो आणि साफ केल्यावर मांस कमी भरतं. एका कोंबडीत चार-पाच जणांच्या वर धरू नका. नऊला जेवायचं तर सातला चुलीवर चढायला हवी. वडे मात्र पंगत बसल्यावरच तळून घ्यावेत, गार वडा चामट होतो. आणि वार बघा! सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, यांतलं काही ना काही टेबलावरच्या कुणाचं तरी असतंच. अशा वेळी काळ्या वाटाण्याची आमटी सांगा, ती वड्यांबरोबर तितकीच जाते. वाटाणे मात्र आदल्या रात्री भिजत पडले पाहिजेत.

फुकट मिळणारी आणि कुठल्याही पॅकेजात नसलेली गोष्ट म्हणजे औक्षण. पाट, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, तुपाचं निरांजन असं सगळं घरात असतंच. काकींना शब्द टाकला की तबक तयार. आधी त्या ओवाळतात, मग टेबलावरच्या बायका एकेक करून. काल ओळख झालेल्या माणसांच्या हातून ओवाळून घेताना मोठमोठे साहेब लाजतात, ते बघण्यासारखं असतं. निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून हे पडवीत नको, माजघरात करायचं. चपला बाहेर.

पैशांचं असं करावं: बोटीचा खर्च माणशी वाटून घ्यायचा, तो हिशेब धक्क्यावरच मिटवायचा. केक, खापरोळ्या आणि जेवणाचं वाढीव बिल ज्याचा वाढदिवस त्याने द्यायचं, वर्गणी काढायची नाही. नव्या माणसांना भेट आणायची पाळी येऊ नये म्हणून वाढदिवसाची बातमी सकाळी बोटीत न फोडता दुपारच्या जेवणानंतर सांगा. मालकांशी बोलताना ‘सगळं मिळून किती?’ असं विचारू नका. केक, सजावट, जास्तीची ताटं यांचे आकडे वेगवेगळे घ्या, म्हणजे सजावट वगळली तर नेमके किती कमी होतात ते कळतं. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना सोडून मधल्या वारी गेलात तर काकींना हात मोकळा असतो. मेच्या गर्दीत खापरोळ्यांना ‘बघूया’ असं उत्तर आलं तर ते नाहीच समजा आणि शिरवाळ्यांवर, म्हणजे तांदळाच्या शेवयांवर, समाधान माना. त्यांना पीठ आंबवावं लागत नाही, रस तोच.