देवगडच्या दीपगृहासमोर चौकोनी फिल्टरचा संच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका दुकानातून घेतलेला शंभर मिलिमीटरचा हा चौकोनी फिल्टर-संच मी भर पावसाळ्यात आणि नंतर थंडीतही किनाऱ्यावर वापरून पाहिला. लेन्सवर चढवायचा होल्डर, त्यातच बसणारा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर), ६ आणि १० स्टॉपचे दोन एनडी (प्रकाश अडवणारे गडद फिल्टर; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) आणि ३ स्टॉपचा कडक कडेचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा अर्धा गडद, खालचा पारदर्शक) एवढे त्यात येते. कोल्हापूरहून करूळ घाटाने देवगडला उतरणाऱ्या छायाचित्रकाराला यातले नेमके काय उपयोगी पडते, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय.

संचातील खरा मोलाचा फिल्टर ६ स्टॉपचा आहे. मळभ दाटलेल्या संध्याकाळी १/६० सेकंदाचे एक्स्पोजर त्याने साधारण १ सेकंदावर येते आणि तेवढ्या वेळात खडकावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात, तरी लाटेचा आकार शिल्लक राहतो. १० स्टॉपच्या फिल्टरने तेच एक्स्पोजर १७ सेकंदांपर्यंत लांबते. समुद्राचे दूध होते आणि सरीमागून धावणारे ढग, ज्यांच्यासाठी आपण भिजत उभे असतो, ते पुसून जातात. शिवाय त्याची तपकिरी झाक रॉ फाइलमध्येही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येही) कोपऱ्यांतून पुरती निघत नाही.

ग्रॅज्युएटेड फिल्टरबद्दल माझी नाराजी आहे. मोकळ्या क्षितिजावर तो चोख काम करतो, परंतु दीपगृह हे क्षितिज ओलांडून आकाशात घुसणारी वस्तू असल्यामुळे मनोऱ्याचा वरचा भाग काळवंडतो आणि खालचा उजळ राहतो. हा दोष घाट उतरण्यापूर्वीच पारखता येतो: कोल्हापुरातील रंकाळा तलावाच्या पूर्व काठावरून सूर्यास्ताच्या वेळी शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर फिल्टर लावून पाहावा, सावलीची आडवी रेघ मनोऱ्यावर लगेच दिसते. अशा दृश्यात फिल्टरशिवाय दोन एक्स्पोजर घेऊन नंतर जोडणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

पोलरायझरने मात्र अपेक्षेपेक्षा जास्त दिले. पावसाने न्हालेल्या जांभ्या दगडावरची चकाकी त्याने उतरते आणि किल्ल्याच्या तटाचा लाल रंग भरून येतो. सूर्य बाजूला, म्हणजे सुमारे ९० अंशांवर असतानाच त्याचा प्रभाव सर्वाधिक असतो. मावळतीकडे थेट तोंड केल्यावर तो काढून ठेवावा. दिवा लागल्यानंतर तर सगळेच फिल्टर उतरवावेत आणि एक्स्पोजर झोताच्या एका पूर्ण आवर्तनाइतके तरी ठेवावे, नाहीतर झोत कधी सापडतो, कधी हुकतो.

होल्डरची बांधणी भक्कम आहे. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरच्या लेन्सला कोपरे काळे येतात, २० पासून चौकट स्वच्छ मिळते. खाऱ्या तुषारांचा थर कोरड्या फडक्याने पुसल्यास काचेवर ओरखडे उठतात, म्हणून आधी गोड्या पाण्याने भिजवणे आवश्यक आहे. सोबत दिलेले फडके यासाठी अगदीच अपुरे आहे. पिशवीचे कप्पे चांगले, चेन सुमार.

दुकानदारांनी आपल्या लेन्सवर होल्डर चढवून, दाराशी उजेडात उभे राहून पाहू दिले, हे विशेष. विचारल्यास ते संच फोडून सुटे फिल्टरही देतात. तेव्हा होल्डर, पोलरायझर आणि ६ स्टॉपचा एनडी एवढेच घ्यावे, आणि ग्रॅज्युएटेड हवाच असेल तर मऊ कडेचा मागून घ्यावा.