'डोन्ट पेट्रनाइझ मी' डेटासेट वापरून पाहिला

माझी ताई व्हीलचेअर वापरते. दहावीला 88 टक्के मिळाले तेव्हा पेपरात आलं, "अपंगत्वावर मात करत मिळवलं यश, जिद्दीला सलाम". आईने कात्रण फ्रेम करून लावलं आणि ताई म्हणाली, अभ्यास मी केला ना, मग पायांचं काय मधेच. तेव्हापासून हे डोक्यात आहे, की यात शिवी नाही, वाईट शब्द नाही, तरी माणूस खाली बसतो, हे मशीनला कळेल का.

म्हणून कार्डिफ युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2020 मध्ये काढलेला हा डेटासेट घेतला, म्हणजे कीव करणारी, वरून बघणारी भाषा ओळखायला मशीनला शिकवण्यासाठी माणसांनी मार्क दिलेल्या मजकुराचा साठा. 20 देशांतल्या इंग्रजी बातम्यांमधले दहा हजारांवर परिच्छेद, त्यात भारत पण आहे, आणि बेघर, निर्वासित, अपंग, बायका अशा 10 शब्दांवरून वेचलेत. त्यातले साधारण दहात एक कीव करणारे.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांनी केलेले सात प्रकार. वरवरचा उपाय हा एक प्रकार, म्हणजे ब्लँकेटं वाटली, फोटो काढला, झाली गरिबी दूर. दुसरा, 'गरीब आहेत पण बघा किती आनंदी'. हे वाचताना आपल्याकडच्या किती बातम्या आठवल्या सांगू! नुसत्या या यादीसाठी पत्रकारितेच्या पोरांनी हा डेटासेट बघावा.

मशीनचं मात्र अजून कच्चं आहे. 2022 च्या सेमइव्हल या मशीनला भाषा कळते का बघणाऱ्या स्पर्धेत याच डेटासेटवर पहिल्या आलेल्या टीमचा एफ-वन स्कोअर (कीव किती नेमकी पकडली याचे 100 पैकी मार्क) पण 65 च्या आसपासच होता. मी या डेटासेटवर रॉबर्टा नावाचं भाषेचं मॉडेल ट्रेन करून वीसेक वाक्यं टाकली, 'हेल्पलेस' वगैरे असलं की लगेच पकडतं, पण ताईची हेडलाइन इंग्रजीत करून टाकली तर क्लीन म्हणून सोडून दिली, कारण शब्द सगळे कौतुकाचेच.

शिवाय दलित, आदिवासी, म्हातारी माणसं हे त्या 10 शब्दांत नाहीतच. आणि मराठी तर नाहीच, आपल्याकडे 2015 पासून 'दिव्यांग' शब्दावरून अपंगांच्या चळवळीतले लोक भांडतायत, ते या मशीनला कुठून कळणार.

माझ्याकडून 5 पैकी साडेतीन.

आता मराठी वाक्यं मीच जमवतोय, त्यांच्यासारखंच दोघांनी वाचून 0, 1, 2 मार्क द्यायचे, बेरीज 2 किंवा जास्त झाली की कीव धरायची. पहिलं ते कात्रणच घेतलं. आईने 0 दिला, ताईने 2.