शिफ्टर केबलला एक्झॉस्टची धग: मार्ग बदलायचा, पत्रा लावायचा, की स्लीव्ह?

जुन्या अमेरिकन गाडीतला स्टिअरिंगजवळचा गिअर काढून खाली शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा दांडा, बसवला, की बहुतेक वेळा रॉडच्या जागी केबल येते. शेवरलेच्या टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लिव्हर डाव्या अंगाला असतो आणि व्ही-८ इंजिनाचा डावा एक्झॉस्ट पाइपही तिथूनच खाली उतरतो. सकाळी शिफ्टर हलका चालतो. घोडबंदर रोडवर तासभर रखडलात की तोच जड होतो, कारण गाडी उभी असताना खालून वारा खेळत नाही. केबल सोडवून बघा: पाइपसमोरचा वीतभर भाग चकाकलेला असतो. आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला धरतं.

मार्ग बदलणं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचं. पाइपपासून १० सेंमी अंतर मिळत असेल तर आधी तेच करा. वळण मात्र १५ ते २० सेंमी त्रिज्येपेक्षा घट्ट नको, नाहीतर थंड असतानाही शिफ्टर जड चालेल. गिअरबॉक्सच्या टोकाचा ब्रॅकेट गिअरबॉक्सवरच हवा. तो बॉडीला ठोकला तर इंजिन माउंटवर हललं की केबल ओढली जाते आणि गिअर आपल्या खाचेतून, म्हणजे ठरलेल्या जागेवरून, सरकतो. आवळायला रबरी अस्तराचे स्टीलचे क्लॅम्प वापरा. नायलॉनचे टाय पाइपजवळ कडक होऊन तुटतात आणि केबल थेट पाइपवर पडते.

अंतर मिळत नसेल तर पत्रा. १ मिमी अॅल्युमिनिअमचा तुकडा, धगीच्या भागापेक्षा दोन्हीकडे ५ सेंमी लांब, चासीला बुश घालून असा बसवा की पाइप आणि पत्रा, तसंच पत्रा आणि केबल यांत किमान १५ मिमी हवा राहील. काम ही हवाच करते. केबलला चिकटवलेला पत्रा उलट तिलाच तापवतो. बोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि खालची कड मोकळी सोडा, पाणी साचू देऊ नका.

अॅल्युमिनिअमच्या मुलाम्याची काचतंतूची स्लीव्ह बाजारात सहज मिळते, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. ती धग परतवते, पण पाइपला टेकली की फारशी उपयोगाची नाही. आणि आत शिरणारी उष्णता ती थांबवत नाही, फक्त उशिरा पोचवते. वाहत्या रस्त्यावर तेवढं पुरतं, तासाभराच्या कोंडीत नाही. पत्र्याच्या जोडीला मात्र ती उत्तम. वेल्क्रोची घेतलीत तर केबल न काढता चढते.

पाइपला गुंडाळायचा रॅप ठाण्यात तरी शेवटचा पर्याय ठेवा. धग तो कमी करतो, पण पावसात पाणी धरतो आणि आतला साधा लोखंडी पाइप गंजत जातो. स्टेनलेसचा पाइप असेल तर एक वेळ चालेल.

काहीही निवडलंत तरी जुळणी दोनदा तपासा, चाकांना अडणी लावून. शिफ्टर आणि गिअरबॉक्सचा लिव्हर दोन्ही पार्कमध्ये, म्हणजे गाडी उभी करताना चाकं अडवणाऱ्या जागेवर, ठेवा. केबलची पिन जोर न लावता भोकात सरकली पाहिजे. मग प्रत्येक गिअरची खाच हाताला जाणवते का बघा. हेच अर्धा तास गाडी चालवून गरम झाल्यावर पुन्हा करा. गाडी थंड असताना बरोबर बसलेला पार्क गरम झाल्यावर अर्धवट बसत असेल, तर उतारावर गाडी सुटेल.