हेडफोनच्या सॉकेटातली केबल आणि माझे साडेआठ हजार

वाशीच्या दुरुस्तीवाल्याने माझा गिटारचा प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजात एको वगैरे टाकणारं मशीन, टेबलावर ठेवला, एक केबल काढली, साउंडच्या मिक्सरला जोडली आणि म्हणाला, वाजवा दादा. मी वाजवली तर स्पीकरमधून गिटारच येईना! नुसता मागचा एको, विहिरीत कोणीतरी वाजवतंय असा. तो मान हलवत म्हणाला, "डीएसपी गेलाय, बोर्ड बदलायला लागेल." डीएसपी म्हणजे आवाजावर काम करणारी आतली चिप. माझ्या पोटात गोळाच आला कारण कोजागिरी बारा दिवसांवर होती आणि सोसायटीच्या कार्यक्रमात गिटारवाला मी एकटाच.

आता थोडं मागे जातो. मी घणसोलीला राहतो, नोकरी सांभाळून शनिवार रविवार वाजवतो, मल्टी इफेक्ट्स प्रोसेसर घेऊन चार वर्षं झाली. प्रॅक्टिसला त्यातून दोन केबल काढून दोन स्पीकरना दिल्या होत्या म्हणजे पिंग पाँग डिले (आलटून पालटून दोन्ही बाजूंना वाजणारा एको) डावीकडून उजवीकडे फिरेल, तर डिलेचा एक ठोका यायचा, दुसरा गायब, तिसरा यायचा, चौथा गायब. उजवा स्पीकर एकदम शांत. गंमत म्हणजे उजवी केबल काढून फक्त लेफ्ट मोनो लिहिलेल्या जॅकमधून वाजवलं की सगळे ठोके ऐकू यायचे. मला वाटलं मशीन कधी चालतंय कधी नाही, म्हणजे आतच काहीतरी गेलंय. इथेच मी हेडफोन लावून बघायला हवं होतं, नाही बघितलं, बॅग उचलली आणि लोकल पकडून वाशीला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस बोलायला एकदम गोड, चहा मागवला, मोठ्या मोठ्या कलाकारांची मशीनं आपणच करतो वगैरे. ८,५०० सांगितले, ३,००० आधी. यूपीआय केलं तर दुकानाच्या नावावर नाही, कोणाच्यातरी पर्सनल नंबरवर गेले, तेव्हाच खटकायला हवं होतं पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना. बिल मागितलं तर म्हणे बिल पाहिजे तर जीएसटी लागेल दादा, उगाच कशाला.

सहा दिवसांनी मेसेज आला, "बोर्ड चेंज झाला, घेऊन जा". गेलो, त्याने या वेळी लेफ्ट आणि राइट दोन्ही जॅकना स्वतःच्या केबल लावल्या आणि वाजवून दाखवलं, काय सुंदर फिरत होता डिले! उरलेले साडेपाच हजार दिले, वर थँक्यू पण म्हटलं.

घरी येऊन जोडलं. एक ठोका येतो, दुसरा गायब. आणि माझे सगळे पॅच, म्हणजे सेव्ह केलेली आवाजांची सेटिंग्ज, पुसलेले, चार वर्षांत बनवलेले, सगळीकडे फॅक्टरीवालेच. त्या रात्री जेवलो नाही मी.

आमच्या खालच्या मजल्यावरचा एक मुलगा लग्नांमध्ये, नाटकांना साउंड करतो. त्याला बोलावलं. त्याने आल्या आल्या विचारलं, काका हेडफोन लावून ऐकलंत का? लावले. दोन्ही कानांत डिले व्यवस्थित. मग त्याने एवढंच केलं, डावीकडची केबल उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. आता डावा स्पीकर गप्प! म्हणजे बिघाड केबलबरोबर सरकला, मशीन बिचारं ठणठणीत. केबलची पिन उघडली तर आतली तार सोल्डरिंगपासून सुटलेली.

मग त्याने ते एक ठोका सोडून एकचं कोडं समजावलं. बऱ्याच प्रोसेसरमध्ये फक्त लेफ्टला केबल असली तर मशीन दोन्ही बाजू एकत्र करून तिथूनच पाठवतं. राइटला पिन घुसली की त्याला वाटतं आता स्टिरिओ, म्हणजे डावं उजवं वेगळं, मग उजवीकडचे ठोके उजवीकडेच जाणार, आणि ती केबल मेलेली असली तर गेले ते हवेत. केबल बरी असूनही डिले फिरत नसेल तर मिक्सरवर दोन चॅनेलचे पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे ते ठरवणारे नॉब) मध्यावर आहेत का, सेटिंगमध्ये आउटपुट मोनो केलंय का आणि चेनमध्ये, म्हणजे इफेक्टच्या रांगेत, डिलेच्या नंतर एखादा मोनो ब्लॉक बसलाय का हे बघायचं, कारण त्या ब्लॉकमधून गेलं की डावं उजवं सगळं एकच होतं.

मी म्हटलं बरं, पण दुकानात गिटार गायब झाली ती कशी? तर तो हसायलाच लागला. म्हणाला, केबल कुठे लावली होती त्याने? मला आठवलं, हेडफोनच्या सॉकेटात. तिथून स्टिरिओ केबल काढून मिक्सरच्या मोनो बॅलन्स्ड (एकाच आवाजासाठी दोन तारा वापरणाऱ्या) चॅनेलला लावली की मिक्सर एका तारेतून दुसरी वजा करतो. मूळ गिटार दोन्ही तारांवर सारखी, पाचातून पाच गेले शून्य. पिंग पाँगचा ठोका एका वेळी एकाच बाजूला असतो म्हणून तो तेवढा वाचतो. त्याने आमच्या मिक्सरवर करून दाखवलं, डिट्टो तोच विहिरीतला आवाज. धंदा करणाऱ्या माणसाकडून ही चूक चुकून होईल असं मला तरी वाटत नाही.

आणि कहर म्हणजे खालच्या एका स्क्रूवर मी माझ्या नावाचं स्टिकर चिकटवलंय, मशीन हरवू नये म्हणून. ते जसंच्या तसं. म्हणजे उघडलंच नव्हतं, नुसतं फॅक्टरी रिसेट मारलं आणि बोर्डाचे पैसे घेतले.

फोन केला तर म्हणे "हल्ली बोर्ड सॉफ्टवेअरनेच रिपेअर होतो." मग चेंज कसला केला होतास बाबा? जुना बोर्ड दे म्हटल्यावर फोन कट, आता उचलतच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, बिल नाही पण यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो "बोर्ड चेंज झाला" मेसेज जपून ठेवलाय. तिथे नाही झालं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

केबल त्या मुलानेच सोल्डर करून दिली. पैसे घेईना, म्हणून ठाण्याला मामलेदारची मिसळ खायला नेला. कोजागिरीला मी साध्या क्लीन टोनवर वाजवलं, कोणाला काही कळलं नाही, सगळे दुधात बिझी होते. आता रोज रात्री बसून पॅच परत बनवतोय, अकरा झालेत, आणि तो जिन्यात भेटला की तेवढंच विचारतो, काका बॅकअप घेतला का?