दादाभाईंच्या चरित्राची बांधणी : मंगळवार पेठेतील एका बाइंडरचे काम

आजोबांच्या कपाटातील दादाभाई नौरोजींचे एक जुने मराठी चरित्र, ज्याची पहिली काही पाने गेलेली होती, कणा उसवला होता आणि पुठ्ठ्याला वाळवी लागली होती, ते मी मंगळवार पेठेतील एका बाइंडिंगच्या दुकानात दिले. तीनशे रुपये ठरले. आठ दिवसांचा वायदा होता आणि पुस्तक नवव्या दिवशी हाती आले. कोल्हापुरातील कारागिरांचे वायदे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

काम देखणे आहे. जुजबंदी शिवण (पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना जोडणारी) घट्ट असूनही पुस्तक टेबलावर सपाट उघडते आणि खळीत मोरचूद घातलेले असल्याने पुन्हा वाळवी लागण्याची धास्ती उरलेली नाही.

दोष वाचायला बसल्यावर कळला. सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, उलटसुलट शिवले गेले होते, त्यामुळे १२८व्या पानानंतर एकदम १४५वे पान आले आणि ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून येण्यापूर्वीच दादाभाई निवडणुकीत पडले. गंमत अशी की पहिल्या अर्ध्या पानापर्यंत मला काहीच खटकले नाही, कारण १८८६ साली लंडनच्या होल्बर्न मतदारसंघात त्यांचा पराभव झालाच होता. पुढे १८९५ हे साल दिसले तेव्हा घोटाळा ध्यानात आला. एल्फिन्स्टन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक, लंडनमधील कामा कंपनीचे भागीदार, बडोद्याचे दिवाण असा प्रवास केलेल्या या माणसाची पार्लमेंटमधील कारकीर्द मुळातच तीन वर्षांची, आणि नेमकी तीच पाने पुढे-मागे झालेली.

पंतप्रधान सॅलिसबरी यांनी १८८८ साली त्यांना ‘काळा माणूस’ म्हणून हिणवले, त्यातून त्यांचे नाव उलट घरोघरी पोहोचले आणि १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे ते अवघ्या पाच मतांनी निवडून आले, हा सगळा क्रम त्या फॉर्ममध्ये आहे. नौरोजी हे नाव उच्चारणे जड जाणाऱ्या इंग्रजांनी त्यांचे ‘नॅरो-मेजॉरिटी’ (निसटते बहुमत) केले, तेही त्यातच. सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, हा ठराव १८९३ साली कॉमन्स सभागृहाने मंजूर केला आणि सरकारने तो अमलात आणला नाही, हे वाचून मग १८९५चा पराभव यायला हवा. क्रम चुकला की तो पराभव निव्वळ एक आकडा ठरतो.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानाच्या बाइंडर मामांनी वाद घातला नाही. “पोरानं पान-नंबर न बघताच गठ्ठा लावलाय बघा, सर. उसवून परत शिवून देतो,” एवढेच ते म्हणाले आणि दोन दिवसांत, एक पैसाही न घेता, त्यांनी शब्द पाळला. दुकानाची शिफारस मी त्यामुळेच करतो.

मात्र जुने पुस्तक देणाऱ्यांनी कडा कापू नका, असे आधीच बजावावे. मी ते केले नाही. आजोबांनी समासात पेन्सिलीने टिपा लिहिल्या होत्या आणि कटिंगच्या पात्याने त्यांची शेवटची अक्षरे नेली. ते काही परत शिवता येत नाही. पाच मतांच्या विजयाशेजारची टीप आता एवढीच उरली आहे : ‘आपल्या पेठेत याहून जास्त मते एकेका घ’.